बंद जवारी

ओउलू, फिनलंड
१७ नोव्हेंबर २०२४

ती. सदाकाका,

नमस्कार. दोन्ही हातमोजे काढून करते आहे, त्यावरून तो किती मनापासून असेल ते ओळखा.

फोन नको, कागदावर लिही म्हणालात, म्हणून लिहिते आहे. तुमची युक्ती मला अजून खरी वाटत नाही. अण्णा तुमच्याकडे बहरीनला आल्याला महिना झाला. माझा फोन आला की उठून गॅलरीत जातात. पण रत्नाकाकूच्या आईचं पत्र तुम्ही मोठ्यानं वाचलंत, तर टीव्हीचा आवाज कमी करून शेवटपर्यंत ऐकलं म्हणे. बघू माझ्या पत्राचं काय होतं ते.

तीन वर्षं झाली, काका. एका पेपरवाल्यानं विचारलं, वडील काय करायचे, आणि मी म्हणाले, "ट्रान्सपोर्ट व्यवसायात होते." अण्णांनी ते छापलेलं वाचलं, पेपरची घडी घातली, आणि तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही. टांगेवाला म्हणायची लाज वाटली का, एवढं विचारलं असतं तरी मी रडून मोकळी झाले असते. वाटली होती लाज. आता तिचीच लाज वाटते. त्यांनी एकदा माझ्याशी बोलावं, शिव्या घालायच्या तर घालाव्यात, पण बोलावं. मला दुसरं काही नको.

हे वरचं तुमच्यापुरतं. इथून पुढे मोठ्यानं वाचा.

मी मजेत आहे. सूर्य नऊनंतर उगवतो आणि तीनला मावळतो. डिसेंबरात तो साडेदहाला येऊन दोनला जाईल. त्यामुळे माझ्या रियाझाचे हाल आहेत. सकाळचे राग अकराला म्हणायचे, संध्याकाळचे दोनला, आणि मधल्या तीन तासांत दुपार उरकून टाकायची. भैरव संपवून पाणी प्यायला उठले की बाहेर मारवा सुरू करायची वेळ झालेली असते.

म्युझिक स्कूलमध्ये चार विद्यार्थी आहेत. एक जण बर्फ फोडणाऱ्या जहाजावरचा निवृत्त आचारी. त्याचा आवाज इतका खालचा आहे की तो 'सा' लावतो तेव्हा सगळे जण फ्रीजकडे बघतात.

तंबोऱ्याचं तर विचारूच नका. घोडी झिजली आहे, जवारी पार गेली. हीटरच्या हवेनं लाकूड सुकतं, म्हणून रात्री न्हाणीघरात ठेवते, शेजारी ओला टॉवेल टांगून. शाळेत नेताना दुलईत गुंडाळायचं, ढकलगाडीवर आडवं घालायचं आणि पट्ट्यानं बांधायचं. बर्फावर तीच गाडी चालते. खुंट्या एक तर हलत नाहीत, नाहीतर एकदम सुटतात. भोपळ्याला बारीक तडा गेलाय. एका गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून घोडी घासून घेतली, तर जवारी भलतीच खुली होऊन बसली. मला बंद लागते. बंद जवारी इथे मला कोण देणार? आठ फेब्रुवारीला कार्यक्रम आहे आणि मला रात्र रात्र झोप नाही.

तुमची,
उल्का

*

ईसा टाउन, बहरीन
१ डिसेंबर २०२४

उल्के,

आशीर्वाद घे, बस आणि मग पुढचं वाच. उभ्यानं वाचू नकोस, पडशील.

इथं पण थंडी पडलीये. अठरा डिग्री! दादा, म्हणजे तुझे अण्णा, माकडटोपी घालून सोफ्यावर बसलेत. मी पाचला उठून स्कूलबस काढतो तेव्हा काचेवर दव असतंय. त्यामुळं तुझे हाल मला समजतात.

पत्र वाचलं. वरचं तोंडातल्या तोंडात, खालचं मोठ्यानं. रत्ना कणीक मळत होती, दादा टीव्हीवर बातम्या बघत होते. सूर्याचं वाचलं, काही नाही. आचाऱ्याचं वाचलं, काही नाही. मग तंबोऱ्याचं आलं. तू विचारू नका म्हणालीस, म्हणून मी नाही विचारत. लाकडाची वस्तू, आज ना उद्या मोडायचीच. पण घोडीचं काय गं? एवढी घोडी पाळलीस आणि काकाला पत्ता नाही?

आणि ऐक! घोडी हा शब्द माझ्या तोंडातून निघाला आणि टीव्ही खलास. दादा वळून बसले. न्हाणीघराचं वाचलं तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली. आडवी घालून गाडीवर नेते म्हटल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही. म्हणाले, "आडवी? घोडी उभ्यानं झोपती. आडवी पडायला लागली तर दुखणं आहे. विचार तिला, कधीपासून."

विचार तिला! अगं, तीन वर्षांत पहिल्यांदा! रत्नाच्या हातातनं परात पडली. स्पृहा म्हणायला लागली, "बट पप्पा, इन अ फ्लॅट?" तिला म्हटलं गप्प बस, तिकडं थंडीची माणसं जनावरं घरातच घेतात.

आता कामाचं. भोपळ्याला तडा गेला असेल तर फेकून दे, घोडीला भोपळा कोण घालतंय? खुंटी मोठी ठोक. आणि जवारीची काळजी सोड. पुण्याचे लोक ज्वारी म्हणतात. मी आजोळी जतला वाढलो, दादासारखा मिरजेत नाही. आमच्याकडं सगळे जवारीच म्हणायचे. तू जवारी लिहिलंस, गाव डोळ्यासमोर आलं. हमद टाउनला एका दुकानात चांगली टपोरी मिळते. तुला बंद लागते ना? सीलबंदच पाठवतो. खुली मी पण घेत नाही, टोके पडतात.

दादा विचारतात, रंग कुठला? वय किती? नाव काय ठेवलंस? लगेच लिही.

सदाकाका

*

ओउलू
१३ डिसेंबर २०२४

ती. काका,

हे मोठ्यानं वाचा.

अण्णांना सांगा, घोडी तांबूस तपकिरी आहे, मान लांब आहे, वय वीस. नाव मंद्रा. ती हल्ली आडवी पडायला लागली ती नोव्हेंबरपासून. आवाज बसलाय तिचा. मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे आजपासून उभी ठेवते. आणखी काय करू ते त्यांनी सांगावं. मला इथे विचारायला कुणी नाही.

इथे उणे एकवीस आहे. काल खोकल्याची गोळी तोंडात ठेवून शिकवलं, तर विद्यार्थ्यांना वाटलं तो उच्चारच तसा आहे. सगळ्यांनी गालात जीभ धरून बंदिश पाठ केली. आता दुरुस्त करायला वसंत ऋतू उजाडेल.

हा भाग मोठ्यानं वाचू नका.

काका, अहो काय केलंत हे! घोडी नाही हो! तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात ना, तिला घोडी म्हणतात. त्या पट्टीला घासून घासून नाद आणतात, ती जवारी. खुंट्या तारांच्या, आणि भोपळा म्हणजे तंबोऱ्याचं पोट. मी पत्र वाचून हसत हसत जमिनीवर बसले आणि मग तिथेच रडले, कारण अण्णा "विचार तिला" म्हणाले. आता घोडी नाही असं कळवलं की ते परत गॅलरीत जातील. म्हणून वर खोटं लिहिलं. म्हणजे अगदीच खोटं नाही. रंग, वय आणि मान तंबोऱ्याचीच आहे. मी काय करू?

जवारी पाठवू नका.

उल्का

*

ईसा टाउन
२९ डिसेंबर २०२४

उल्के,

जवारी गेली. दहा किलो.

आधी माझी चूक सांगतो. मी वाचायच्या भरात होतो. "आणखी काय करू ते त्यांनी सांगावं" हे वाचलं, आणि त्याच भरात "हा भाग मोठ्यानं वाचू नका" हे पण मोठ्यानं वाचलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, बायकांचं काहीतरी आहे. रत्ना म्हणाली, मग इकडं द्या. मी म्हटलं, तुझ्यासारख्या बायकांचं नाही. तेव्हापासून ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते.

आता मला तुझा राग आलाय तो ऐकून घे. तंबोऱ्यात घोडी असते हे मला कुणी सांगितलं होतं? मी बस चालवतो. आमच्यात स्टेअरिंगला स्टेअरिंग म्हणतात, म्हैस म्हणत नाहीत. गाणाऱ्या लोकांनी वस्तूला वस्तूचं नाव द्यावं. आणि आता घोडी नाही म्हणून चालायचं नाही, कारण मी सगळ्यांना सांगून बसलोय. हिद्दला शब्बीर आहे, गॅरेजवाला, रत्नागिरीचा. तो रोज विचारतो, "घोडी खातेय का?" इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी प्रशांत अकाउंटंट माणूस, पुण्याचा, म्हणून त्याला पुरावा लागतो. स्मरणिकेत 'बर्फातली मराठी घोडी' असं दोन पानं छापायचं म्हणतोय आणि फोटो मागतोय. त्याला म्हटलं, ती लाजते.

तर घोडी सध्या असू दे. मफी मुश्किल, म्हणजे इथल्या अरबीत काही अडचण नाही.

दादांचं सांगतो. अगं, माणूस बदलला! सकाळी चहाला बसले की सुरू. मंदाला हे करायला सांग, मंदाला ते करायला सांग. मंद्रा नाव त्यांना पटलं. मला मंदाच तोंडात बसतंय, माझ्या चुलत सासूचं नाव आहे. त्यांनी सांगितलेलं सगळं लिहून घेतलंय, ते असं. रोज रात्री सैल सोड, ताणून बांधून ठेवलं की मान वाकते. शेगडीजवळ नको आणि खिडकीजवळ पण नको, आतल्या भिंतीला ठेव. त्या गिटारवाल्याकडं परत नेऊ नको. स्वतः घास. घाई नाही करायची. एक हात घासायचं, फुंकर मारायची, कान लावायचा, मग पुढचा हात. घोडीला कान लावून काय ऐकायचं ते मला कळलं नाही. पण ते टांगेवाले, मी बसवाला.

काल कोल्ड स्टोअरमधनं, इथं किराणा दुकानाला तसंच म्हणतात, स्वतः जाऊन गूळ घेऊन आले. म्हणे, पार्सलात घालायला हवा होता.

सदाकाका

*

ओउलू
१९ जानेवारी २०२५

ती. काका,

या वेळी दोन वेगळे कागद घातलेत. निळा मोठ्यानं वाचायचा आहे. हा पांढरा वाचून खिशात टाका. रत्नाकाकूला दाखवलात तरी चालेल, तुमचा संसार मोडायला नको.

पार्सल आलं, पण एकटं आलं नाही. तुम्ही खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'फूड फॉर सिक हॉर्स, प्लीज हरी.' त्यावरून मला इथल्या पशुवैद्यकीय खात्याचं पत्र आलं, की शहरात आजारी घोडा ठेवला असल्यास नोंदणी दाखवा. मी फोन करून सांगितलं, घोडा नाही. तिथल्या बाई म्हणाल्या, मग खाणार कोण? मी म्हणाले, मी. त्यांनी माझा पत्ता पुन्हा एकदा विचारून घेतला.

मंगळवारी खात्यातल्या दोघी जणी तपासायला आल्या, गुडघ्यापर्यंत बूट घालून. तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या. एकीनं दारातच नाक वर करून वास घेतला. मी त्यांना न्हाणीघर दाखवलं. ओला टॉवेल बघून दुसरीनं लिहून घेतलं. मग मी तंबोरा काढला आणि घोडीवर बोट ठेवून म्हणाले, ही ती. आमच्या भाषेत हिला घोडी म्हणतात. त्यांनी दोघींनी वाकून बघितलं. एकीनं विचारलं, "आणि ही आजारी आहे?" मी म्हणाले, "फार." मग तारा छेडून दाखवल्या. त्या टबाच्या कडेवर बसल्या आणि पाऊण तास ऐकत राहिल्या. जाताना मला कागदाची प्रत देऊन गेल्या. त्यावर लिहिलंय: 'प्राणी आढळला नाही. प्राण्याचा आवाज समाधानकारक.'

आणि काका, आवाज खरंच समाधानकारक आहे! अण्णांनी सांगितलेलं मी सगळं तंबोऱ्यावर केलं, दुसरी घोडी होती कुठे? रात्री तारा सैल सोडल्या. आतल्या भिंतीला उभा केला. बारीक पॉलिश पेपर आणून स्वतः घासलं. एक हात, फुंकर, कान, परत एक हात. नऊ दिवस. परवा सकाळी अकरा वाजता भैरव लावला तर जवारी अशी बंद, गोल लागली की मी हात काढायलाच तयार नव्हते. घोड्याचा उपाय लाकडाला लागू पडतो हे मला माहीत नव्हतं.

पण मला हे सहन होत नाही आता. ते जिवाला जीव लावून सांगतात आणि मी त्यांना फसवते. आधी लाज वाटून खोटं बोलले, आता माया हवी म्हणून. कार्यक्रमाच्या पत्रकासाठी चार ओळी ओळख मागितली आहे. काय लिहू ते ठरलंय, पण छापून झाल्यावरच सांगेन.

जवारी कॉफीच्या यंत्रात दळली. यंत्र गेलं. भाकरी मात्र झाल्या. आचाऱ्यानं पाच खाल्ल्या आणि त्याचा 'सा' अर्ध्या सुरानं वर आला.

उल्का

*

ईसा टाउन
२ फेब्रुवारी २०२५

उल्के,

आणीबाणी आहे, म्हणून आशीर्वाद शेवटी देतो.

निळा कागद वाचला. मंदा सुधारली, उभी राहते, आवाज सुटला, हे ऐकून दादा उठून आत गेले. मला वाटलं डोळे पुसायला गेले. बाहेर आले ते पासपोर्ट घेऊन. म्हणाले, "सदा, मला तिकडं जायचंय. एकदा बघून येतो."

मी म्हटलं, दादा, तिकडं उणे वीस असतंय. ते म्हणाले, माकडटोपी आहे. मी म्हटलं, तुम्ही इथं व्हिजिट व्हिसावर, इथनं पुढचा व्हिसा कसा मिळायचा? ते म्हणाले, मफी मुश्किल. माझंच अरबी माझ्यावर! शेवटी प्रशांतला बोलावलं. त्यानं लॅपटॉपवर फॉर्म उघडला. पर्पज ऑफ व्हिजिट विचारलं, तर दादा ताठ बसून म्हणाले, "घोडी." प्रशांतनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. त्यानं 'टु मीट हॉर्स' टाइप केलं. माणूस पुण्याचा, पण या वेळी पुरावा मागितला नाही त्यानं.

आता एकच मार्ग आहे, उल्के. मंदाला मार.

वाईट वाटून घेऊ नको. एक पत्र लिही. ताप आला, डॉक्टर आले, झोपेत गेली, खलास. फार हाल करू नको तिचे, दादांना सोसायचं नाही. बर्फात पुरली म्हण. आम्ही इथं दोन दिवस टीव्ही लावणार नाही. शब्बीरला मी सांगतो. स्मरणिकेत पण दोन पानांऐवजी चौकट टाकता येईल.

रत्नाला पांढरा कागद दाखवला. आता ती माझ्याशी बोलते, पण एकच वाक्य, "भावाला घोडी मारून फसवणार?" मला पण झोप लागत नाही. पण तू दुसरं काही सुचवत असशील तर सांग.

आशीर्वाद.

सदाकाका

*

ओउलू
१५ फेब्रुवारी २०२५

ती. काका,

मी तीन वेळा मंद्राला मारायला बसले. एकदा ताप लिहिला, एकदा बर्फावरून घसरून पाय मोडला, एकदा नुसतीच म्हातारी होऊन गेली असं लिहिलं. तिन्ही कागद फाडले. या वेळी एकच कागद आहे आणि तो सगळा मोठ्यानं वाचा. थांबू नका, अण्णा उठून गेले तरी वाचत राहा, गॅलरीचं दार उघडं ठेवा.

अण्णा, घोडी नाही. कधीच नव्हती. तंबोऱ्याची घोडी झिजली होती, एवढंच मी लिहिलं होतं. काकांना ते उलगडलं नाही आणि तुम्ही मंद्राबद्दल विचारायला लागलात. मला ते थांबवता आलं नाही. तुम्ही वय विचारलं, मी तंबोऱ्याचं सांगितलं. तुम्ही रंग विचारला, मी लाकडाचा सांगितला. तुम्ही इतक्या मायेनं विचारत होतात आणि मी रोज पत्राच्या डब्यात हात घालायची, की काकांचं पत्र आलं का. मी लबाडी केली. मला माफ करायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आठ तारखेचा कार्यक्रम झाला. चाळीस माणसं होती. त्या दोघी तपासनीसपण आल्या, या वेळी साध्या बुटांत. आचाऱ्यानं सगळ्यांना कोट टांगायला मदत केली. कार्यक्रमाचं पत्रक सोबत पाठवते आहे. माझ्या नावाखाली इथल्या भाषेत काय लिहिलंय ते सांगते. 'उल्काचे वडील बाळाजी यांनी मिरजेत अडतीस वर्षं टांगा चालवला. तिचा तंबोरा त्यांच्याच टांग्यातून घरी आला.' टांग्याला इथे शब्द नाही. छापणारा म्हणाला, घोडागाडी लिहू का? मी म्हणाले, नाही, टांगाच लिही. त्यानं अक्षरं विचारून विचारून लिहिलंय.

हे तीन वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं, अण्णा. तेव्हा मला शहरातल्या लोकांसमोर लहान व्हायचं नव्हतं, म्हणून तुम्हाला लहान केलं. तुम्ही बोलला नाहीत ते बरोबरच केलंत. पण मला ते फार जड गेलं.

तुमची,
उल्का

*

ईसा टाउन
१ मार्च २०२५

उल्का,

मी बाळाजी. सदाकडून दोन कागद आणि पेन घेतलं. तो खोलीबाहेर उभा आहे आणि काय लिहिताय म्हणून विचारतोय. त्याला सांगितलं, मोठ्यानं वाचायचं नाही.

माझी शाळा चौथी. चुका असतील त्या सावरून घे.

पत्रक बघितलं. ते अक्षर मला वाचता येत नाही. स्पृहानं बोट ठेवून दाखवलं, आजोबा, हिअर, हा टांगा. मी बराच वेळ त्यावर बोट ठेवून बसलो. तुझं ते पेपरातलं वाचून मला वाईट वाटलं होतं. लई वाटलं होतं. चारचौघांनी विचारलं तर मी म्हणायचो, पोरगी मोठ्या लोकांत आहे, तिला म्हणावं लागतं. पण घरात आलं की बोलायला तोंड उघडत नव्हतं. आणि एकदा गप्प बसलं की परत कुठून सुरू करायचं ते कळत नाही. तू लहान केलंस म्हणतेस. मी पण मोठ्या माणसासारखं वागलो नाही. ते जाऊ दे आता.

घोडी कुठली ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. सदा येडा आहे, पहिल्यापासून. मिरजेत टांगा कुठं लावायचो मी? सतारमेकर गल्लीच्या तोंडाला. स्टेशनवरनं गाणारी बजावणारी माणसं घेऊन यायचो. जवारी लावायला दिवस दिवस जातो. ती माणसं आत बसायची आणि मी पायरीवर. कारागीर एक हात घासायचा, फुंकर मारायचा, कान लावायचा. अडतीस वर्षं तेच बघितलं. खुली काय आणि बंद काय, मला आवाजावरनं कळतं. घोडीला कुणी फुंकर मारतं का? तुला तरी कळायला हवं होतं.

न्हाणीघरात ठेवतेस, आडवा घालून नेतेस हे ऐकून मला राहवलं नाही. तंबोरा फुगतो तशानं. पण तंबोऱ्याचं विचारलं असतं तर काय झालं असतं? मी म्हणालो असतो, भिंतीला उभा कर, रात्री सैल सोड. तू म्हणाली असतीस, बरं. दोन ओळींत संपलं असतं. मग सदानं घोडी म्हटलं, तर मी म्हटलं, असू दे घोडी. घोडीला काय, रंग असतो, नाव असतं, खाणं असतं, दुखणं असतं. तीन महिने बोलता आलं.

व्हिसाचं मात्र मी खरंच विचारलं होतं. प्रशांतनं फॉर्म अजून ठेवलाय म्हणे.

आता घोडी नाही असं तूच सगळ्यांसमोर सांगून टाकलंस. बरं केलंस. पण सकाळचा चहा झाला की मी इथं बसतो आणि तुला काय विचारायचं ते मला सुचत नाही. नुसतं कशी आहेस म्हणून विचारायची मला सवय नाही. तर तू काहीतरी लिही. काहीही लिही. मी त्याचं विचारीन.

अण्णा